वाकळेवरची आई

बाई,

तुम्ही चंदगडला शाळेवर होता, तेव्हा एसटीनं पणजीला जाऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते पोर्तुगीज चित्रकार बायकांचं पुस्तक आणलं होतं. त्यातलं एक अक्षरही तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हाताऱ्या दुकानदारानं जेवढं सांगितलं तेवढंच. नव्वद सालानंतर कोल्हापुरात आम्हाला चित्रकला शिकवायला आलात, तेव्हा ते पिशवीतून वर्गात आलं. आम्ही मोजक्या मुली पुढं सरकून बसलोय आणि तुम्ही सांगताय, तिकडं पोर्तुगालात कितीतरी वर्षं हुकूमशाही होती, लग्न झालेल्या बाईला देशाबाहेर जायला नवऱ्याची परवानगी लागायची. तरी काहीजणी बाहेर पडल्या, चित्रं काढत राहिल्या. एकीनं तर चादरींवर झोपलेल्या माणसांच्या सावल्या सुईदोऱ्यानं शिवल्या. "बघा गं," तुम्ही म्हणालात, "शिवायला आपल्या आयांस्नीबी येतंय की. त्याला कोण चित्र म्हणत न्हाय, एवढंच."

त्या सुट्टीत मला तुमच्या गावी, कोडोलीला घेऊन गेलात. तुमची आई लोकांच्या उसातलं तण भांगलून नुकतीच घरी आली होती. तिनंच जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ अंथरून तुम्ही तिला कुशीवर निजवलंत आणि अंगाच्या कडेनं खडूची रेघ ओढायला लागलात. म्हातारीला हसू आवरेना. "मेल्यावानी कशाला निजवाय लागलीस गं मला?" "मेलीस तरी हितंच ऱ्हाशील," तुम्ही म्हणालात. सगळा पावसाळा तुम्ही ती रेघ काळ्या दोऱ्यानं शिवत होता.

शहरातल्या प्रदर्शनात ती वाकळ चित्रांच्या दालनात लागलीच नाही. निवड करणारे गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, वाकळ अंगावर घ्यायची असते. भिंतीवर कशाला?" हस्तकलेच्या टेबलावर, क्रोशाच्या रुमालांशेजारी ती ठेवली आणि वर उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडलात, "द्या ती हिकडं. माझी आई रुमाल न्हाय." घडी घालून काखेत मारलीत आणि निघालात. पुढं शाळेनं वरचे वर्ग तुमच्याकडून काढून घेतले. तुम्ही पुन्हा काही शिवाल म्हणून मी वाट बघत राहिले. तुम्ही सुई हातात धरली नाहीत, आणि मग आजारानं गेलातच.

दिवसकार्यानंतर मी कोडोलीला गेले. तुमची आई तुमच्या आधीच गेली होती. दारात तुमची वहिनी होती. वाकळेचं विचारलं तर म्हणाली, "ती व्हय? पोरांनी पांघरून पांघरून इरली. मग म्हशीच्या रेडकाखाली घातली. ऊब मातर लई हुती हो तिला." तिचं काय चुकलं? मी चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.

बऱ्याच वर्षांनी कॉम्प्युटरवर त्या पोर्तुगीज बाईची चादर पाहिली. संग्रहालयात, काचेआड, लोक गप्प उभे राहून बघताहेत. टाके तुमच्यासारखेच होते. मी आता कागलच्या एमआयडीसीत कपड्यांच्या कारखान्यात भरतकामाचे नमुने काढते. साहेब म्हणतात, फुलं काढा, माणसं नकोत. मी फुलं काढते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, कपाटातच राहील. गेल्या महिन्यात घरी कुणी नसताना चादर अंथरली आणि आठवणीतून तुमच्या आईची ती रेघ खडूनं ओढायला बसले. पाठ जमली, गुडघे जमले. डावा हात उशाखाली होता की पोटाशी, काही केल्या आठवेना. चादर धुवायला टाकली. तुम्हाला म्हणून सांगते, खडू पहिल्याच पाण्यात निघाला.