मुंगीचं लग्न, मैदानावर

प्रताप नगर, नागपूर
३० नोव्हेंबर, रविवार

चारुताईले,

सुशीलचा नमस्कार, भाऊजींलेही सांग. इकडे कामिनी बरी आहे, प्रणालीची परीक्षा झाली, थंडी आता कुठे पडून राहिली. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावते का नुसतंच 'लावते' म्हणते?

आठवडाभर तू फोन करून राहिली अन् मी एकदाही घेतला नाही. रागावू नको. कामिनीनं 'ते गडबडीत आहेत' म्हटलं, ते अर्धं खरं होतं. गडबड कशाची, ते सांगाले हे पत्र. पेन धरून इतकी वर्षं झाली की बोटं आखडून राहिली, अक्षर समजून घे.

ताई, काल मी मैदानावर गोष्ट सांगितली. माईक लावून, मोठ्या मंचावरून. समोर एवढी पोरं बसली होती की मागची दिसतच नव्हती.

राष्ट्रीय ग्रंथालयानं यंदा आपल्या नागपुरात पुस्तकांचा मेळा भरवला. तू पाहाले पाहिजे होता. एका मंडपात पुस्तकं, दुसऱ्यात काचेखाली जुन्या पोथ्या, तिसऱ्यात कोणी लेखक बोलून राहिला अन् लोक उभ्यानं ऐकून राहिले. शाळेच्या बसा सकाळपासून येत होत्या. गांधीबागेतल्या कापडवाल्यांनी दुकानं सोडून पोरांले आणलं होतं. प्रणाली तिथे कॉलेजकडून काम करत होती, गळ्यात ओळखपत्र घालून साऱ्या मैदानभर पळे.

गुरुवारी घरी आली अन् म्हणाली, "बाबा, बोलीभाषेतल्या गोष्टींचा कार्यक्रम आहे शनिवारी. तुमचं नाव दिलं मी."

"काहून दिलं? मले विचारलं का?" मी खुणेनंच म्हटलं.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं."

कळमन्याच्या बाजारात मी संत्र्याचे लिलाव पुकारतो, तिथे माझा आवाज पत्र्याच्या छताले लागून परत येते. पण भाव पुकारणं वेगळं अन् गोष्ट सांगणं वेगळं. मले एकच गोष्ट येते, ती तुझी, मुंगीच्या लग्नाची. मी जेवलो नाही की पऱ्हाटीच्या शेतात, धुऱ्याच्या बांधावर बसवून तू सांगायची ती. दोन दिवस मनातल्या मनातच घोकली. मोठ्यानं म्हणून नाही पाहिली.

माझ्या आधी रुखमाबाई नावाच्या म्हातारीनं ओव्या म्हटल्या, गळा असा गोड की टाळ्या थांबेनात. मग माझं नाव पुकारलं. मंचावर चढलो. म्हटलं, "ऐका गा पोरांनो, अन् पोरींनो, तुम्हीपण ऐका वं." सारी हसली. तिथून मले जोर आला.

मुंगीनं साऱ्या जंगलाले लग्नाचं बोलावणं धाडलं अन् हत्तीले नाही. "काहून नाही बोलावलं असेल?" मी विचारलं.

मागून एक पोरगी ओरडली, "मांडवात मावत नाही म्हणून!"

ताई, हे तर तुझ्या गोष्टीत नव्हतं, पण मी लगेच घेतलं. हत्ती रुसला अन् नाल्यात जाऊन आडवा बसला. पाणी अडलं, लग्नघरी थेंब नाही. मुंग्या निघाल्या त्याले मनवाले. पोरं मुंग्या झाली, मी हत्ती. तो चिडून चित्कारते ना, तिथे मी सारा जीव लावून आवाज काढला अन् तो मधातच फुटला. नुसती हवा आली. पुन्हा तोंड उघडलं तर तेही नाही.

मग समोरच्या रांगेतून कोणीतरी म्हटलं, "हत्ती रडून राहिला." दुसरं म्हणालं, "रडू नका मामा, चला लग्नाले." एकाचे दहा झाले, अन् पाहता पाहता सारं मैदान मले मनवून राहिलं. मले खरंच रडू आलं होतं, पण साऱ्यांले ते हत्तीचंच वाटलं, बरं झालं. पाणी प्यालो. उरलेली गोष्ट माईकले ओठ लावून कुजबुजत सांगितली. ती ऐकाले मागची पोरंही उठून पुढे सरकली.

खाली उतरलो तर ग्रंथालयाचे गौरांग म्हणून एक साहेब कलकत्त्याहून आलेले, ते म्हणाले, "रिकॉर्डिंग अच्छी आई है. ये हमारे संग्रह में रहेगी. कहानी किसकी है?"

"मेरी बड़ी बहन की," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं: चारुशीला भोयर, उमरेड. राष्ट्रीय ग्रंथालयात तुझं नाव लागलं, ताई. भाऊजींले आज तरी चहा कराले लाव.

तेवढ्यात प्रणालीनं त्यांले विचारलं, "सर, सुरुवात का आवाज़ साफ आया ना? एक कॉपी हमको मिलेगी?" अन् तोंड फिरवून उभी राहिली. तेव्हा मले समजलं, तिनं माझं नाव काहून दिलं होतं.

आता सांगतो. दिवाळीपासून घसा बसला होता. मी समजलो फटाक्यांचा धूर. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरतंतूवर गाठ आहे. बुधवारी ऑपरेशन आहे, गाठ तपासाले पाठवणार. "आवाज राहील का?" मी विचारलं. ते म्हणाले, "राहील. पण हाच राहील, असं मी सांगू शकत नाही." तेव्हापासून बोलणं बंद, कळमनाही बंद. कालच्या गोष्टीपुरती त्यांनी मोकळीक दिली होती, हळू सांगा म्हणून. हत्ती हळू कसा चित्कारेल?

घरी आता खुणेनं चाललं आहे. कामिनी म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा शांतता मिळाली. म्हणते अन् स्वयंपाकघरात जाते.

अजूनही काल आठवलं की उभ्या जागी हसू येते. एवढा आनंद मले लग्नातही झाला नव्हता. पण भेवही लागून राहिलं, ताई. हे कामिनीले नाही सांगितलं, प्रणालीले तर नाहीच. हे पत्र उद्या सकाळी उमरेडच्या बसवाल्याजवळ देतो, तू मंगळवारी निघून ये. मले बोलता येणार नाही. तू बोल, उमरेडचं, शेताचं, शेजारणीच्या भांडणाचं, काहीही. मी ऐकत बसतो.

तुझा लहान भाऊ, आता खरंच लहान झालेला,
सुशील