करामातली ताकदवान पोरगी

बाबा, तुमच्या गोष्टीतली ती पोरगी अजून पंधरा वर्षांचीच आहे. मी मात्र चाळिशी ओलांडली.

दुबईतल्या करामा भागातलं आपलं घर, शुक्रवारची सुट्टी, तुम्ही ओट्याशी पोहे परतताय आणि मी नि खालच्या मजल्यावरची माझी सुदानी मैत्रीण फरशीवर बसून गोष्ट ऐकतोय. गोष्टीतली पोरगी तिच्यासारखीच काळीभोर, कुरळ्या केसांची. ते तुम्ही मुद्दाम केलं होतं, पण तसं कधी बोलला नाहीत. ती एका हाताने पाण्याचा टँकर उचलायची आणि कुणाची चाहूल लागली की गुपचूप खाली ठेवायची. परक्या देशात उगाच कुणाच्या डोळ्यांवर कशाला यायचं, बापाचा व्हिसा गेला तर? ही भीती तिची कमी, तुमचीच जास्त. ऑफिसात कधी चढा आवाज नाही, लिफ्टमध्येसुद्धा तुम्ही आपले सगळ्यांत मागे.

माझी मैत्रीण शाळेत सगळ्यांत जोरात पळायची. पण वर्गातल्या मुली तिच्या रंगावरून हसल्या तेव्हापासून तिने शर्यतीत नाव देणंच सोडलं होतं. एका शुक्रवारी ती तडकली. "अंकल, ये हर बार छुपती क्यों है? कुछ गलत किया क्या?"

तुम्ही गॅस बारीक केलात. मला वाटलं, आता रागावणार. पण तुम्ही तिच्याकडे वळलात. "नहीं बेटा. डरता तो मैं हूँ. वो क्यों छुपे?"

मग गोष्टीत आपल्या बिल्डिंगची लिफ्ट तुटली आणि त्या पोरीने सगळ्यांच्या देखत दोर धरून ठेवला.

"आणि व्हिसा?" मी विचारलं.

"व्हिसाचं मी बघतो," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीने नाव दिलं. स्पोर्ट्स डेला, बॉसकडे कधी तासाभराची सुट्टी न मागणारे तुम्ही, टाय लावून थेट मैदानावर! ती सुटली आणि तुम्ही खुर्चीवर चढून ओरडायला लागलात, "यल्ला बेटा, यल्ला! चल, पळ!" अख्खी शाळा वळून बघत होती, पण तुम्हाला त्याचं भान नव्हतं. ती पहिली आली. मला तुमचा केवढा अभिमान वाटला, ते सांगायचं राहूनच गेलं.

हे पत्र घडी घालून मसाल्याच्या डब्यांमागे ठेवतेय. पाठवणार कुठे? एक मात्र कबूल करते. पुढच्या वर्षी मीही नाव दिलं होतं. तोवर तुम्ही गेला होतात. शेवटून दुसरी आले, बाबा, कारण पळताना मी सारखी त्या खुर्च्यांकडेच बघत होते.