पहिल्या मानाची दाढ

२७ एप्रिल, रविवार
उजवीकडची खालची दाढ जरा कुरकुरते आहे. विशेष काही नाही. हवामान असणार. चंदा सकाळी म्हणाली, अवो, तुमी आताशा एकाच अंगानं चावताव. बायकोचं लक्ष नको तिथे असतं.

आज गावकीची बैठक झाली. मुंबई मंडळातर्फे माझा पुतण्या विनेश आला होता. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, म्हणून ११ तारखेला देवळाच्या सभामंडपात दातांचा कॅम्प घ्यायचा ठरला. बोर्ली पंचतनच्या डॉक्टर मृणाल खुर्ची, मशीन, सगळं टेम्पोत घालून आणणार. तपासणी, सफाई, दाढ काढणं, सगळं फ्री. मी भरघोस पाठिंबा दिला. समाजकार्य म्हटलं की मी पुढे असतोच.

भागोजीने मुद्दाम विचारलं, उद्घाटनाचा नारळ कोन फोडनार? हा काय विचारायचा प्रश्न झाला? शिमग्याच्या पालखीचा पहिला मान आमच्या घराचा की त्याच्या, हे भांडण आमच्या वडिलांपासून चालू होतं. गेलं वर्षभर मी त्या मानासाठी जिवाचं रान केलं. शेवटी या शिमग्याला गावकीने निकाल दिला: मान महिपतच्या, म्हणजे माझ्या, घराचा. मी आज उठून ठणकावलं की नुसता पालखीचा नाही, गावातलं कुठलंही कार्य असो, पहिला मान आमचा. सगळे मान्य म्हणाले. भागोजीही म्हणाला. हसत म्हणाला, ते मला आवडलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार
हसण्याचं कारण कळलं. भागोजी गावभर सांगतो आहे की नुसता नारळ फोडून भागायचा न्हाय. पालखीला पहिला खांदा ज्याचा मान त्याचा, तशी दाढ बी पहिली त्याचीच. महिपत खुर्चीत बसल्याबिगर कोनी बसायचा न्हाय.

गावाला हे पटलं आहे. इतक्या पटकन या गावाला आजवर काहीच पटलं नव्हतं. गावकीचे अध्यक्ष गणराज घरी येऊन नमस्कार करून गेले. म्हणाले, तुमी बसलाव की बायामान्सांना धीर येल. मी म्हणालो, बसतो की! त्यात काय आहे? कंपनीत सुपरवायझर होतो तेव्हा बोटात खिळा घुसला होता. हूं की चूं केलं नाही. (बेशुद्ध झालो होतो, पण तो भाग वेगळा.)

३० एप्रिल, बुधवार
प्लॅन तयार. कॅम्पच्या आत दाढ पूर्ण बरी करायची. मग खुर्चीत बसायचं, आ करायचं, डॉक्टर म्हणणार वा काका, काय दात आहेत, टाळ्या, खाली उतरायचं. भागोजी गार.
१) दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.
२) लवंगेचं तेल.
३) पॉझिटिव्ह थिंकिंग.

रात्री लवंगेचं तेल दाढेऐवजी जिभेवर सांडलं. पॉझिटिव्ह थिंकिंग उद्यापासून.

४ मे, रविवार
डॉक्टर मृणाल माहिती द्यायला आल्या होत्या. वयाने आमच्या रचनाएवढ्या. (रचना म्हणजे आमची मुलगी, पनवेलला दिली आहे.) मी पहिल्या रांगेत बसून सगळं लिहून घेतलं. सारांश:

सफाई: मशीनने दातांवरचा दगड काढतात. दात हलायला लागत नाहीत. दगड गेला की फटी जाणवतात, म्हणून लोकांना तसं वाटतं. मी मान डोलावली.

फिलिंग: कीड कोरून काढतात, आत सिमेंट भरतात. मी मान डोलावली.

रूट कॅनल: दाताची नस साफ करतात. दोन-तीन वेळा जावं लागतं. एकदा ठणका थांबला की लोक परत फिरकत नाहीत आणि मग दुप्पट त्रास होतो. मी मागे वळून लोकांकडे कडक नजरेने पाहिलं.

दाढ काढणं: आधी भाकरी खाऊन यायचं, उपाशी नाही. बीपी, शुगर, चालू गोळ्या सांगायच्या. हिरडीत इंजेक्शन. तेव्हा मुंगी चावल्यासारखं होतं, मग ओठ जड होतो. डॉक्टर दाढ हलवतात तेव्हा दाब कळतो, दुखत नाही. नंतर कापूस अर्धा-पाऊण तास चावून धरायचा. दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, गरम नाही, मिश्री-तंबाखू नाही. इथे त्यांनी सुई दाखवली. मी मान डोलावली नाही. पेनाचं टोपण खाली पडलं होतं, ते शोधायला मी वाकलो. ते बराच वेळ सापडलं नाही.

चंदाने सगळ्यांसमोर विचारलं, वरची दाढ काढली की नजर जाते, हे खरा काय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाल्या, नाही काकू, दाढेचा आणि डोळ्यांचा काही संबंध नाही. मग हिने आणखी विचारलं की ओठ किती वेळ जड राहतो, दुसऱ्या दिवशी शेतात जाता येतं का. चौकशा फार. बसायचंय मला आणि धाकधूक हिला.

८ मे, गुरुवार
झोप नाही. दाढ नाडीबरोबर उडते आहे. गालाला गरम वाळूचा शेक दिला. ठणका वाढला. म्हणजे शेक लागू पडतो आहे, आतली घाण हलली असणार.

चंदाही जागी होती. चुलीपाशी बसून गालात मिश्री धरून होती. मी चांगलंच खडसावलं. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं? मिश्री बंद! म्हणाली, धरली की जरा बरा वाटतो. बायकांना व्यसनाला निमित्त लागतं.

१० मे, शनिवार, दुपार
टेन्शन नाही. मुळीच नाही. जेवलो नाही ते उकाड्यामुळे.

पलीकडच्या आळीतल्या मनुबाई आल्या होत्या. गाल सुजून डोळा बारीक झालाय. विनेश त्यांना आजच गाडीवरून बोर्लीला न्यायला तयार होता. त्या नको म्हणाल्या. उद्या डाक्टरीन हितंच येनार, आदी तुमी बसाव, मंग मी. मानाच्या आदी बसून देवाचा कोप कशाला घेऊ? मी त्यांना म्हणणार होतो की आजी, तुम्ही जा. पण मग मानाचा प्रश्न आला असता. उद्या बघू.

१० मे, रात्र
डोकं शांत ठेवून विचार केला. डॉक्टरांचा सत्कार करायला शाल हवी. शाल कोणाच्या लक्षात आहे? कोणाच्याच नाही. सकाळच्या एसटीने म्हसळ्याला जाऊन शाल आणतो. तेवढ्यात लोक कंटाळून आपापले बसतील. कार्य अडणार नाही आणि सत्कारही माझ्या हातून. मान म्हणजे शेवटी जबाबदारी.

११ मे, रविवार, सकाळी नऊ
म्हसळा. शाल घेतली, मरून रंगाची. परतीची एसटी समोर उभी होती. तिच्यात गर्दी वाटली. सोडली.

सव्वादहा
दुसरी एसटी. कंडक्टरचा चेहरा मला पसंत पडला नाही. सोडली.

अकरा
फोन सारखा वाजतो आहे. विनेश, गणराज, विनेश, परत विनेश. रेंज नसल्याचं दाखवायला मी फोन कानाला लावून हॅलो हॅलो केलं. कोणी बघत नव्हतं. थंड कोकम सरबत घेतलं. पहिल्या घोटाला डोळ्यांपुढे अंधारी आली. दाढेतून कळ कानात, कानातून टाळूत. ग्लास तसाच ठेवून बाकावर बसलो. शाल गालाला धरली. ऊन मी म्हणतंय आणि माणूस शाल पांघरून बसलाय म्हणून पोरं बघत होती.

साडेअकरा
विनेश मोटारसायकलवर हजर. चेहरा काळवंडलेला. म्हणाला, काका, साठ माणसं नुसती बसून आहेत, डॉक्टर ग्लोव्हज घालून बसल्यात, एक जण खुर्चीला हात लावत नाही. मनुआजीला ताप चढलाय. चला. मी शालीचं महत्त्व समजावलं. त्याने ऐकून घेतलं नाही. रस्ताभर खड्डे. प्रत्येक खड्डा दाढेत मोजला.

(पुढचं घरी येऊन लिहितो आहे. अक्षर वाकडं येतंय, गाडीच्या दणक्यांमुळे.)

मंडपात शिरलो. माझ्यासाठी वाट झाली, पालखीला होते तशी. मनुबाई खांबाला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. भागोजी खुर्चीच्या अगदी शेजारी. टोपी काढून हातात घेतलेली. म्हणाला, येताव ना महिपतराव, की मी बसू? मी बसलो तर मंग पालखीचा बी बघाया लागल. साठ जणांनी ऐकलं. शिमग्याचा निकाल, माझं वर्ष, वडिलांचं नाव, सगळं त्या खुर्चीवर येऊन थांबलं होतं.

मी चाललो. पाय चालत होते, मी त्यांच्यामागून. खुर्चीला हात लावला तर ती गार होती. डॉक्टरांनी आधी दंडाला पट्टा बांधला. पंप दाबला. परत दाबला. म्हणाल्या, काका, बीपी एकशे नव्वदच्या वर आहे. आज तुमच्या तोंडाला मी हात लावणार नाही. शांत बसा, तासाने परत बघू.

खरं सांगायचं तर माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. वैद्यकीय कारण! लेखी मागणार होतो. एवढ्यात भागोजीने चपला काढल्या आणि खुर्चीकडे निघाला. आनंद तिथेच विरला. 

तेव्हा बायकांच्या बाजूने चंदा उठली. पदर खोचला आणि सरळ येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, मान घराचा हाय, एकट्या मान्साचा न्हाय. मी बी त्याच घरातली. बाई, करा सुरू. बीपी बघाया झाला तर बघा, भाकरी खाऊन आलेय.

गणराज भागोजीकडे बघू लागले, भागोजी गणराजकडे. घराचाच मान, म्हणाले गणराज, बरोबर हाय.

हिचं बीपी नॉर्मल निघालं. मला वाटलं, वरवर तपासतील, होईल. डॉक्टरांनी आत आरसा घातला आणि म्हणाल्या, काकू, ही वरची दाढ पार गेलीय. कधीपासून? ही म्हणाली, काढून टाका. इंजेक्शन दिलं. हिच्या पायाची बोटं वळली आणि सरळ झाली, बस्स. मग ओठ जड व्हायची वाट बघत दोघी रचनाच्या पोराबद्दल बोलत होत्या! पुढे पकड. डॉक्टर म्हणत होत्या, आता दाब लागेल, दुखलं तर हात वर करा. मी शाल घट्ट धरून उभा होतो. माझाच हात वर झाला. कोणीतरी तो खाली केला. हिचा झाला नाही.

ट्रेमध्ये टक्कन आवाज आला. मी पाहिली. आतून काळी, पोकळ. अशी दाढ एका दिवसात होत नाही, हे मलाही कळतं.

कापूस चावून ही खाली उतरली आणि बोलता येईना म्हणून हाताने मनुबाईंना खूण केली, चला. मग रांग लागली.

मी लगेच घरून गरम चहा आणून हिच्यापुढे धरला. डॉक्टर माझ्यावर ओरडल्या. साठ जणांनी तेही ऐकलं. शाल माझ्या हातातून घेऊन गणराजनी चंदाला पांघरली. डॉक्टरांसाठी दुसरी नव्हती.

१२ मे, सोमवार
मनुबाईंची सूज उतरते आहे, ताप गेला. डॉक्टरांनी पू काढला आणि गोळ्या दिल्या. दाढ पुढच्या आठवड्यात. सगळं सुरळीत पार पडलं. माझा प्लॅन होताच तसा, चंदाला पुढे करायचा. बायकांना धीर येतो. नाक्यावर दोन-तीन जणांना समजावून सांगितलं. ते हसले. कौतुकाने असणार.

हिला गार, मऊ खायचंय म्हणून दहीभात मीच केला. भात करपला. दही चांगलं होतं.

१८ मे, रविवार
आज सार्वजनिक विहिरीचा गाळ काढायला सुरुवात. नारळ फोडायचा होता. मी आठ वाजताच इस्त्रीचा शर्ट, टोपी घालून काठावर जाऊन उभा राहिलो. गणराजनी नारळ हातात घेतला, मला ओलांडून पुढे गेले आणि हाक मारली, चंदावैनी, या. मला वाटलं माझी चेष्टा चालली आहे. पण भागोजीनेही बाजूला होऊन हिला वाट दिली आणि म्हणाला, आता शिमग्याला बी वैनीच. त्यांच्या मानाला माझी हरकत न्हाय.

वर्षभर भांडून जे त्याने मला दिलं नाही ते हिला असं देऊन टाकलं. नारळ हिने फोडला. नारळाची पिशवी माझ्याकडे होती.

२० मे, मंगळवार
गाल सुजलाय. उद्या बोर्लीला जायचं. फोन करून चंदानेच नंबर लावले, पहिला तिचा, जखम दाखवायला, दुसरा माझा. बीपीची गोळी चालू केली आहे. तिथे मी तिचा हात धरून बसलो तर चालेल का, असं तिने माझ्यादेखत डॉक्टरांना विचारलं. मी असं काही म्हणालो नव्हतो. म्हणजे, हळू म्हणालो होतो.

आताच निव्वळ माहितीसाठी तिला विचारलं की काढताना फार दुखलं का गो. म्हणाली, काढताना न्हाय. आदी लय दुखायची. दिवाळीपासून. मी म्हणालो, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगनार व्हते अवो. पन घरात येताव तवा तुमच्या तोंडात मानाचाच विषय. मंग म्हटला, ह्यो संपू दे.

मी यावर काही बोललो नाही. तोंड उघडलं की दाढेला वारं लागतं.