राजधानीचे एकोणपन्नास महापौर आणि मी

३ फेब्रुवारी
आज आयुष्याला कलाटणी मिळाली. पीएंनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं की आपले साहेब राजधानीचे पन्नासावे महापौर आहेत, म्हणून वीस जूनला जंगी समारंभ आहे. त्या दिवशी महापौरपदाचा संपूर्ण इतिहास पुस्तकरूपानं बाहेर यायला हवा, आणि तो मी लिहायचा. या दालनाबद्दल तुमच्याइतकं कोण बोलतं, असं म्हणाले. (‘जाणतं’ म्हणायचं असणार.)
खोटं काय आहे त्यात? अठ्ठावीस वर्षं महापौरांच्या दालनाबाहेरच्या टेबलावर आहे. पाहुण्यांना बसवायचं, आणि शपथविधीला नव्या महापौरांच्या गळ्यात मानाची साखळी घालायची, ही माझी कामं. साखळीचा आकडा फार जुना. समोर उभं राहून, दोन्ही हात मानेमागे नेऊनच तो लागतो. ही युक्ती फक्त मला येते. थोडक्यात, सात महापौर माझ्या हातून झाले. मी हे कुणाला सांगत नाही. पाहुण्यांना तेवढं सांगतो.
संकल्प: रोज दहा पानं. गप्पा बंद. प्रसिद्धी मिळाली तरी पाय जमिनीवर.

४ फेब्रुवारी
पाय जमिनीच्याही खाली. लेखनासाठी तळघरात स्वतंत्र खोली दिली आहे. आत पुसायच्या बादल्या, जादा झेंडे, तीन पायांच्या खुर्च्या. खिडकी नाही, फोन नाही. चिंतनाला उत्तम. माझ्या टेबलावर नवी रिसेप्शनिस्ट बसवली आहे, तात्पुरती. मी जिना उतरायच्या आत तिनं टेबलाची जागासुद्धा बदलली. उत्साही दिसते.
बायकोला बातमी सांगितली. तिनं आधी विचारलं, पगार तोच ना? मग मोठा सुस्कारा सोडला. अभिमानाचा.

११ फेब्रुवारी
लिहून झालेलं: शीर्षक, अर्पणपत्रिका (आधी साहेबांना, मग खोडून बायकोला, मग खोडून पुन्हा साहेबांना), आणि लेखकाचं मनोगत. मनोगत चौतीस पानांचं झालं आहे. इतिहास उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
मनोगतात भर.

२ मार्च
साडू आला होता. हा बिस्किटांच्या आणि गाद्यांच्या जाहिराती लिहितो. शब्द सहा, गाडी नवी. म्हटलं, जरा खरं लेखन ऐक. पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. पूर्वी राजा राजधानीत परतला की पुलावर थांबून महापौरांकडे शहराची चावी मागायचा, ती मिळाली तरच आत यायचा. पहिले महापौर एकदा चावी घरी विसरले आणि राजा दुपारभर पुलाच्या कठड्यावर बसून राहिला. तिसऱ्या महापौरांनी एकाच कारंज्याचं तीनदा उद्घाटन केलं, कारण पहिल्या दोन वेळी पाणीच आलं नाही. आज या शहरात मंत्री पैशाला पासरी आहेत, पण चावी अजून महापौरांकडेच, असा मी शेवट केला आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं.
साडू डोळे मिटून ऐकत होता. चौथ्या महापौरांच्या वेळी तर अगदी मंत्रमुग्ध होऊन घोरला. पण जाताना सगळी पानं मागून घेतली, शुद्धलेखन तपासतो म्हणाला. यापुढेही जसजसं लिहाल तसतसं देत जा, असंही म्हणाला. आपल्या माणसाचं हे असं असतं.

२२ मार्च, दुपारी ४
इतिहास घडला आहे, आणि तो मी घडवला आहे.
मुख्य जिन्यात सगळ्या महापौरांची तैलचित्रं आहेत. खाली पाटीवर फक्त क्रमांक आणि आडनाव. सतरावे महापौर दाढीवाले. एकोणिसावे दाढीशिवाय. आडनाव एकच, म्हणून आजवर सगळे धरून चालले की भाऊबंद असतील. मी सभेची जुनी इतिवृत्तं काढून पाहिली. दोन्ही शपथांत स्वतःचं नाव तेच, वडिलांचं नाव तेच, घर तेच. मग स्टुलावर चढून चित्रं निरखली. दोघांच्याही उजव्या कानाखाली तोच मस. एकच माणूस! एकदा महापौर झाला, पडला, दाढी काढली आणि पुन्हा निवडून आला. पाट्या लावणाऱ्यानं माणसं मोजलीच नाहीत, चित्रं मोजली. आणि तेव्हापासून अख्खी राजधानी दाढी धरून मोजते आहे.
म्हणजे साहेब पन्नासावे नाहीत. एकोणपन्नासावे आहेत. त्यांना किती आनंद होईल!

२२ मार्च, रात्री जेवणानंतर
बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे कुणाला सांगायलाच हवं का. संशोधन हा तिचा प्रांत नाही. साडूला फोन केला. तो आधी खूप हसला, मग एकदम गंभीर झाला. कुणाजवळ अवाक्षर काढू नका, मी बघतो, असं दोनदा म्हणाला. उत्कंठा कशी ताणायची हे जाहिरातवाल्यांकडून शिकावं. ठरलं. समारंभाच्या आढावा बैठकीत, सर्वांसमक्ष, साहेबांच्या तोंडावर.

१८ एप्रिल
लिहवत नाही. तरी लिहितो.
बैठकीला गेलो. टेबलाच्या पलीकडे, सुटाबुटात, साडू! मला वाटलं माझं कौतुक बघायला आला असेल. पीएंनी ओळख करून दिली: हे एजन्सीचे, पुस्तक यांच्याकडे आहे. साडूनं उठून माझ्याशी हात मिळवला आणि भेटून आनंद झाला म्हणाला. भेटून आनंद झाला! याच्या लग्नात याचे हरवलेले बूट मी शोधून दिले आहेत.
समोर नमुना प्रत होती. गुळगुळीत कागद, पानभर फोटो, फोटोखाली सहा शब्द. राजा कठड्यावर बसलेला होता, कारंजं होतं, चावी होती. सगळं माझं. मनोगत तेवढं नव्हतं.
तरीही मी उभा राहिलो. शोध जाहीर केला. मस, वडील, घर, दाढी, सगळं क्रमवार सांगितलं. साहेबांनी विचारलं, मग मी कितवा? मी छाती पुढे काढून म्हटलं, एकोणपन्नासावे. पेनांवर पन्नास, पिशव्यांवर पन्नास, चौकातल्या कमानीवर विजेच्या दिव्यांत पन्नास, हे मला नंतर कळलं. साहेब पीएंकडे वळले आणि हे गृहस्थ कोण म्हणून त्यांनी विचारलं. दोन वर्षं यांच्या दाराबाहेर बसलो आहे. साहेबांचा विनोद कोरडा असतो.
मग साडूनं घसा खाकरला. म्हणाला, सोपं आहे, दोघे भाऊ होते म्हणू या. थोरले दाढीवाले, धाकटे बिनदाढीचे. एकाच घरातून राजधानीला दोन सुपुत्र. साहेबांनी टेबलावर थाप मारली. भाऊ मंजूर झाला.
केसानं गळा कापणं ऐकून होतो. इथे अख्ख्या दाढीनं कापला.

१८ एप्रिल, संध्याकाळी
बायकोला माहीत होतं. फेब्रुवारीपासून!
मी ताट सारलं आणि तुझ्या बहिणीचा नवरा असा, तसा, घरभेदी, असं बरंच बोललो. मग बोलायला लागली ती थांबेचना. म्हणाली, तुमच्या बडबडीच्या तक्रारी होत्या, तुम्हाला पाणीपट्टीच्या खिडकीवर बसवायचं ठरलं होतं. भाऊजींना पुस्तकाचं काम मिळालं तेव्हा मीच त्यांच्या हातापाया पडले, म्हटलं यांना कसंही करून महापौर ऑफिसातच ठेवा, दुसरीकडे हा माणूस जगायचा नाही. म्हणून ती खोली. म्हणून तो इतिहास.
मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, त्या दिवशी तुम्ही किती खूश होऊन घरी आला होतात.
मला हे फार लागलं. साडूपेक्षा जास्त लागलं. परका फसवतो तेव्हा निदान शिव्या तरी देता येतात.

२० एप्रिल
राजीनामा द्यायचा निर्णय पक्का. पीएंना सांगितलं. त्यांनी वाक्य पुरं व्हायच्या आत रिसेप्शनिस्टकडून फॉर्म घ्या म्हणून सांगितलं. इतकी घाई म्हणजे आतून हादरले आहेत. शत्रूला आयतं समाधान कशाला? राजीनामा पुढे ढकलला.
संकल्प: साडूचं तोंड पाहणार नाही. बायकोशी कामापुरतं बोलायचं.

२१ एप्रिल
चष्मा सापडेना. कामापुरतं बरंच बोलावं लागलं.

३ मे
साडू आला. मी पेपर तोंडासमोर धरला. त्यानं पेपराशीच बोलायला सुरुवात केली. म्हणाला, माझंही पोट आहे, बैठकीत ओळख दाखवली असती तर नातेवाइकाला घुसवलं म्हणून दोघेही बाहेर गेलो असतो. पण तुम्ही पुस्तकात असाल. शपथ घेऊन सांगतो, पान भरून असाल.
पान भरून! मी पेपर खाली घेतला. मोठ्या मनाच्या माणसाला फार काळ रागावता येत नाही. बहुधा ‘संशोधन आणि मूळ लेखन’ अशा शीर्षकाखाली असेल. बायकोला हे ऐकवलं. या वेळी तिला खरंच काही माहीत नव्हतं. तिचा चेहरा इतका उजळला की मी पण अर्धामुर्धा निवळलो.

१९ जून
भाषण तयार. ‘माझं नाव महत्त्वाचं नाही’ अशी सुरुवात आहे, मग नाव येतं. रिसेप्शनिस्टला सांगून ठेवलं की साखळीच्या वेळी मला हाक मार. ती म्हणाली, आकडा बदललाय, आता चुंबक आहे. टक्कन लागतं.

२० जून, दुपारी
खांबामागची खुर्ची. साखळी टक्कन लागली. साहेबांनी पन्नास या आकड्याचं महत्त्व सांगितलं. साडूनं लेखक म्हणून चार शब्द सांगितले आणि त्यात दोघा भावांच्या त्यागावर टाळ्या घेतल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले. एका माणसाची दाढी आणि तिच्यावर हिला रडू येतं! मी उठून ओरडणार होतो. पण पान भरून असणार होतो, म्हणून बसलो.
प्रती फक्त निमंत्रितांना होत्या. शेजारच्या बाई आपली प्रत खुर्चीवर ठेवून चहाला गेल्या. मी ती इतिहासाच्या हितासाठी घेतली.

२० जून, संध्याकाळी ६
तळघरात बसून पाहिलं. लेखक, साडू. संकल्पना, साहेब. समन्वय, पीए. ऋणनिर्देशात छपाईवाला, फोटोवाला, पिशव्या शिवणारा. माझं नाव नाही. पुन्हा पाहिलं. नाही.
मग मधलं रंगीत पान उघडलं. साडूनं शब्द पाळला आहे. पान भरून मीच आहे. मागच्या महापौरांचा शपथविधी. मी त्यांच्यासमोर, दोन्ही हात त्यांच्या मानेमागे, दात आवळलेले, डोळ्यांत पाणी. आकडा अडकला होता त्या दिवशी. खाली सहा शब्द: ‘लाडक्या महापौरांना बिलगलेला एक भारावलेला नागरिक.’
नागरिक.
अठ्ठावीस वर्षं. शिपाई म्हटलं असतं तरी चाललं असतं.

२० जून, रात्री ८
बायको दारातच उभी होती. माझ्या हातून पुस्तक घेतलं, ओट्याशी बसून पहिल्या पानापासून चष्मा लावून वाचू लागली. राजाजवळ हसली. हे तुमचं, म्हणाली. कारंज्याजवळही म्हणाली. मधलं पान येऊ लागलं तेव्हा मी पुस्तक तिच्या हातून काढून घेतलं आणि मिटलं. तिनं विचारलं की मग यात तुम्ही कुठे आहात. मी सांगितलं, पहिल्याच पानावर माझं नाव आहे, मोठ्या अक्षरात, उद्या दाखवतो, आता दिवा मंद आहे.
पहिलं पान तिनं आत्ताच वाचलं होतं. बरं, म्हणाली, आणि माझं पान वाढायला उठली.