पक्का कौल

आबा, त्या शनिवारी सकाळी मी उजवीकडची पाकळी कोरड्या बोटानं लावली. तुमचा हात कापत होता, म्हणून तुम्हीच म्हणालात, "तू लाव रे, माझ्याच्यानं व्हईना." मारुतीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं गाव तुमच्याकडून कौल लावून घ्यायचं. त्यातही तुमचं एक माप होतं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नाही. पाकळी पडायला किती वेळ लागतो, त्यावरून कौल पक्का की कच्चा ते तुम्ही सांगायचात. कच्चा निघाला की हसून म्हणायचात, "थांबा गड्या, देवच अजून इचार करायलाय."

आदल्या दिवशी नांदेडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाले, वडिलांच्या पोटातली गाठ काढली तर कदाचित वाचतील, कदाचित टेबलावरच जातील. नाही काढली तर हळूहळू खंगतील. खात्री ते कशाचीच देईनात, आणि मला तेच सोसेना. तुम्ही तर कौलाशिवाय ऑपरेशनला तयार होणार नव्हता. मी डावी पाकळी चांगली भिजवून दाबली. उजवी टेकवली न टेकवली तोच खाली आली. तुम्ही डोळे मिटून हात जोडले. "लय पक्का हाय. इतका पक्का म्या कधी बघितला न्हाई."

नामांतराच्या दंगलींच्या त्या दिवसांत एस.टी. सुटेल की नाही याचा नेम नसायचा. आपण बैलगाडीनं चुडाव्याच्या स्टेशनावर आलो, तिथून रेल्वेनं नांदेड. डब्यात तुम्हीच मला धीर देताय, "भ्यायलास कामून? देवानंच धाडलंय." ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेव्हापासून माय देवळात गेली नाही. शनिवारी मी तेल घेऊन निघालो की चुलीपाशी बसून म्हणते, "जा, घाल त्या खोटारड्याला तेल." पंधरा वर्षं मी ते ऐकून घेतलं आणि तेल घालत आलो. कधी बांधावर बसलो की मनात येतं, दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवल्या असत्या तर? डावी पडली असती तर तुम्ही आणखी किती काळ काढला असता? वर्ष? दोन वर्षं? की उजवीच पडली असती? याला माप सापडत नाही.

आज सकाळी माय भाकरी थापत होती. समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. तिचा हात परातीतच राहिला. "मुडद्या, पंधरा वर्षं म्या त्याला शिव्या घातल्या, अन् तू गुमान ऐकत बसलास?" तव्यावरची भाकरी करपली, दोघांनीही ती काढली नाही. मग तिनं हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि अनवाणीच देवळाकडं निघाली. उंबऱ्यात थांबून तिनं तुमच्याबद्दल विचारलं, "त्यायला ठाव होतं का?"

मी लगेच "न्हाई" म्हणालो. खरं तर ते मला माहीत नाही, आबा. हा कागद कुठं धाडायचा, तेही माहीत नाही. पण मायला सांगितलं.