माझं अडखळणं

प्रिय टकळी,

एवढ्या मोठ्या लेखिकेला या नावाने हाक मारावी की नाही, यावर बराच वेळ विचार करत बसले होते. मग म्हटलं, वर्तमानपत्रवाले तुझ्या नावामागे काय लावायचं ते लावोत, माझ्यासाठी तू टकळीच. शिवाय मला तुझा राग आलाय, आणि नुसता आलेला नाही, चांगला मुरलाय. फोनवर तो सांगता आला नसता. फोनवर मी पहिल्याच शब्दाला अडले की पुढची दहा वाक्यं तूच बोलून टाकतेस, आणि आपल्या काय छान गप्पा झाल्या असं समजून फोन ठेवतेस. कागदावर मला कोणी अडवत नाही आणि माझं वाक्यही कोणी पुरं करत नाही. इथे माझाही तोंडाचा पट्टा कसा चालतो ते बघच.

आधी इकडच्या बातम्या, नाहीतर म्हणशील नुसती भांडायलाच आली. बाबांचं चष्म्याचं दुकान बरं चाललंय. कॉलेज सुटलं की मी तिथे बसते. फ्रेमा पुसायच्या, नाकावरचे पॅड बदलायचे, लोकांना अक्षरांच्या तक्त्यासमोरच्या खुर्चीत बसवायचं. खालच्या ओळीशी आल्यावर चांगले बोलके लोकसुद्धा अडखळतात, डोळे बारीक करतात, आणि बाबा शांतपणे उभे राहतात. वाचा, घाई नाही, एवढंच म्हणतात. हे बघायला मला फार आवडतं.

परवा काकू आल्या होत्या. तुझी आई, आणि दुकानात येऊन खुर्चीवर टेकल्या नाहीत, असं प्रथमच झालं. चष्म्याची काडी बदलून हवी होती. मी काडी बसवत होते तर त्यांनी पर्समधून तुझ्या मुलाखतीचं कात्रण काढलं आणि हळूच विचारलं, काय गं मनी, ही शाळेत बोलताना अडखळायची? इतका त्रास होता पोरीला आणि मला आईला कधी दिसलाच नाही? बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. तुझं घर म्हणजे सकाळी तू उठल्यापासून रेडिओ बंद ठेवणारं घर, कारण दोघांचं एकदम ऐकू येत नाही असं काका म्हणायचे. त्या घरातली बाई आता रात्रंदिवस आठवत बसलीये, की आपली मुलगी नेमकी कधी अडखळली. मी स्क्रू घट्ट करत राहिले, इतका की काडीच मोडली. बाबांनी दुसरी लावून दिली.

तर आता पुस्तकाबद्दल. वाचलं मी ते, दोनदा. चांगलं आहे हे कबूल करायला माझ्या जिवावर येतंय, पण आहे. शाळेतली एक मुलगी, बोलताना अडखळते म्हणून कोणी तिच्या शेजारी बसत नाही, डबा पाण्याच्या टाकीमागे बसून खाते, आणि मग एक दिवस तिने लिहिलेलं सगळ्या जगाला आवडतं आणि ती प्रसिद्ध होते. पहिल्या पानावर तिचं नाव वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मनी. निदान नाव तरी बदलायचंस. जगात नावांचा दुष्काळ पडला होता का?

हे नाव कुठून आलं, आठवतं तुला? नव्या शाळेतला माझा पहिला दिवस. बाईंनी नाव विचारलं आणि मी पहिल्या अक्षरावरच बसले. म, म, म. मागून कोणीतरी मांजरासारखं ओरडलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. तेव्हा तू उठलीस, मला आयुष्यात पहिल्यांदा बघत होतीस, आणि ठणकावून सांगितलंस की बाई, हिला घरी मनीच म्हणतात, आम्ही शेजारी आहोत. धडधडीत थाप. पण हसण्याचा सूर बदलला, आणि चेष्टेचं लाडाचं नाव झालं. त्या दिवशी मी तुझी झाले, ते आजतागायत आहे. तेव्हापासून माझं खरं नाव मला कधी सांगावं लागलं नाही. बाई बदलल्या, वर्ग बदलले, सहलीच्या बसमध्ये हजेरी झाली, प्रत्येक वेळी माझं नाव तू सांगितलंस. मला किती हलकं वाटायचं म्हणून सांगू. एखादी गोष्ट दुसऱ्याने इतकी वर्षं उचलली की आपला हात ती उचलायचं विसरतो, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ती पिवळी बॅग. तुझ्या वाचकांमध्ये म्हणे आता पिवळ्या बॅगांची टूम निघालीये. आमच्या कॉलेजात चौघीजणी घेऊन फिरतात, मनीसारखी म्हणून. त्यांना जाऊन सांगावंसं वाटतं, की बायांनो, मनीला पिवळा रंग मुळीच आवडत नाही. दुकानदाराने कोणती देऊ विचारलं, मी प वर अडकले, आणि तू झटकन पिवळी म्हणून मोकळी झालीस. मला पोपटी हवी होती. पण नाही म्हणायला परत तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मान हलवली आणि शाळा संपेपर्यंत ती पिवळी बॅग पाठीवर वागवली. कॅन्टीनमध्येही तेच. तू माझ्यासाठी मागवलेली कॉफी मी इतकी प्यायले, की आईला वाटतं मला चहा चालत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण पुस्तकात एक मैत्रीण आहे, तोंडाळ, झगमगीत, मनीची वाक्यं पूर्ण करणारी. मनी प्रसिद्ध झाल्यावर जळणारी. तिच्याबद्दल तू लिहिलंयस, की ती मदत करत नसते, ती फक्त थांबू शकत नसते, आणि दर वेळी मनीच्या तोंडातला शब्द काढून घेताना तिला मनीच्या डोळ्यांत दिसतं की शब्द चुकलाय, तरी ती पुढे जाते. ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तुला दिसत होतं, टकळे. मी समजत होते की तुझ्या लक्षातच येत नाही, आणि त्या एका समजुतीवर मी तुला सगळं माफ करत आले होते. तुला पोपटी दिसत होता, तरी तू पिवळा म्हणालीस. आणि हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस, सरळ छापून टाकलंस, आणि वर जगाला सांगतेस, की ती मैत्रीण दुसरीच कोणीतरी, तू म्हणजे मनी.

ते घशातल्या दाराचं पान तर आता कपांवर छापून विकतात. शब्द आत तयार असतो, कपडे घालून, केस विंचरून, आणि दार बाहेरून कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. ते वाक्य माझं आहे. पोहण्याच्या तलावामागच्या पायऱ्यांवर, केस ओले असताना, मी तुला ते सांगितलं होतं. सांगायला अख्खी मधली सुट्टी लागली होती आणि त्या एका दिवशी तू मध्ये बोलली नव्हतीस. मी ते ना आईला सांगितलंय, ना त्या आरसा लावलेल्या खोलीत माझ्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमना. तुला का सांगितलं, याचं उत्तर मी आता स्वतःला विचारणं बंद केलंय.

टीव्हीवरची तुझी मुलाखत आम्ही घरी सगळ्यांनी मिळून बघितली. निवेदिकेने विचारलं, ही मनी म्हणजे तूच ना? तू मान खाली घातलीस, थांबलीस, आणि स वर तीनदा अडखळून म्हणालीस, सोपं नव्हतं. समोरच्या लोकांनी हळहळून टाळ्या वाजवल्या. बाबा उठून पाणी प्यायला गेले. आई माझ्याकडे बघेना. आणि मी काय बघत होते सांगू? की पुढच्याच वाक्यात तुझा स कसा तुरुतुरु पळाला. अडखळणारं माणूस मान खाली घालून गोड दिसत नाही गं. डोळे मिटतात, मानेची शीर ताठ होते, ओठ वाकडा होतो. नक्कल करायची तर निदान ती तरी नीट करायचीस, नमुना वर्षानुवर्षं तुझ्या शेजारी बसला होता. मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, अगं सगळं इतकं पटापट झालं, त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं, आता मागे कसं घेऊ. मी म्हटलं, प, प. मला ‘पण’ म्हणायचं होतं. तू म्हणालीस, पुस्तक ना, पाठवते हं. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस, आणि माझं आधीच वाचून झालेलं पुस्तक मात्र आलं, तुझ्या सहीचं.

आता जे सांगते ते नीट वाच, कारण खरं भांडण इथे आहे. नव्या कॉलेजात पहिल्या तासाला सरांनी ओळख करून द्यायला सांगितली. तू नव्हतीस. मी आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती. उभी राहिले, आणि नेहमीसारखी पहिल्या अक्षरावर अडकले. म, म. मागून एक मुलगी म्हणाली, झालं, आणखी एक मनी आली. सगळे हसले. मी तशीच अडकलेली. सर वाईट नाहीत, चांगले आहेत, आणि तेच जास्त लागलं. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, बाळा, ते पुस्तक मलाही आवडतं, पण कोणाच्या व्यंगाची नक्कल करू नये. जिने हे खरोखर सोसलंय त्या मुलीला काय वाटेल, याचा विचार कर. आणि मला बसायला सांगितलं.

मी बसले. मूग गिळून बसले असं म्हणतात, पण माझ्यापाशी तेवढाही मान नव्हता, कारण बोलायचं होतं आणि येत नव्हतं. जिने खरोखर सोसलंय ती मीच, हे सांगायला मला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात ही नक्कलच आहे, हे त्यांच्या मनात आणखी पक्कं झालं असतं. मी अडखळते म्हणून लोक हसले, ओरडले, तोंडं फिरवली, ते सगळं मी पचवलंय. पण ते माझं होतं. आता मी तोंड उघडलं की लोकांना तू आठवतेस. मला दुसरं काही फारसं मिळालेलं नाही, आणि जे होतं ते तू अंगावरून शाल काढावी तसं काढून नेलंस, आणि ते तुला शोभतंय म्हणून लोक टाळ्या वाजवतायत.

आणि सगळ्यात मोठा संताप कशाचा येतो माहीत आहे? तुझ्याकडे तुझं स्वतःचं होतं. टाकीमागे डबा खाणारी मी एकटी नव्हते, तूही होतीस. तू बोलायला लागलीस की मुली घड्याळ बघायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या, तुला वाढदिवसांना बोलवायच्या नाहीत. तुला ते कळायचं, आणि कळलं की तू आणखी जोरात बोलायचीस. माझ्याजवळ तू आलीस कारण मी तुला थांबवू शकत नव्हते. शाळेत मला कोणी बोलू दिलं नाही आणि तुला कोणी ऐकलं नाही, अशा आपण दोघी उरलेल्या. त्या बडबड्या मुलीचं पुस्तक लिहायचं होतंस. तिला वाचून कोणी हळहळलं नसतं कदाचित, कपही विकले गेले नसते. पण मी ते तिसऱ्यांदा वाचलं असतं, आणि काकूंना त्यात त्यांची मुलगी ओळखू आली असती.

आता पत्राचं कारण. शनिवारी आपल्या शाळेत तुझा सत्कार आहे, हे तुला माहीत आहेच. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. जुनी मैत्रीण म्हणून मी तुझ्या हातात फुलं द्यावीत आणि तुझी ओळख दुसरं कोणीतरी वाचून दाखवेल, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, ओळख मीच करून देणार. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून परत म्हटलं. तुला उघडं पाडायला मी येत नाहीये, तुझ्याबद्दल मी चांगलंच बोलेन, पुस्तक चांगलं आहे हेही सांगेन. तुला काय सांगायचं आणि काय नाही, ते तुझं तू बघ. पण रिवाज असा आहे की ओळख करून देणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगायचं. तू समोर पहिल्या रांगेत असशील, काकू तुझ्या शेजारी असतील, पिवळ्या बॅगा घेतलेल्या मुली मागे असतील. मी म वर अडकणार, हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. डोळे मिटतील, ओठ वाकडा होईल, सभागृहात खुसफुस सुरू होईल, आणि तुझ्या जिभेवर माझं नाव तयार असेल. ते बोलू नकोस, टकळे. ओठही हलवू नकोस. पोहण्याच्या तलावामागे त्या दिवशी थांबली होतीस तशी थांब, मला माझं नाव पूर्ण सांगू दे.

अजूनही तुझीच,
मनी
(शनिवारपर्यंत)