खताच्या बादलीपाशी आई

रविवार रात्र, सर्जापूर रोड

बाबा गेल्यावर आईला मालवणहून इथे शहरात माझ्याकडे आणलं. तेव्हापासून ती त्यांचं नावच काढत नाही. मीही टाळते. आज कुंड्यांसाठी समुद्री शेवाळाचं खत पाण्यात मिसळलं. घरभर वास! आई बाल्कनीत येऊन बादलीवर वाकली.

"हा तर आपल्या समुद्रातल्या खडपावरच्या तपकिरी शेवाळाचा वास गो!"

आणि हसायलाच लागली. "लग्नानंतर तुझ्या बाबांनी मला ओहोटीला कालवं दाखवायला नेलं. म्हणाले, जपून चाल, आणि स्वतःच शेवाळावरून आपटले. मी हसले म्हणून दिवसभर रुसले होते."

मला हे कधीच कसं सांगितलं नाही? वास अजून आहे. खिडक्या उघडाव्याशा वाटत नाहीत.

जेवताना तिनेच विचारलं, "तुला त्यांची आठवण येते गो?"

"रोज येते," मी म्हणाले. मग दोघी मनसोक्त रडलो.